कुंकू टिकलं तर प्या

नाला ओलांडून आम्ही वर आलो आणि दैवशालानं पिशवी पुन्हा एकदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पिंपळगाव रेणुकाईची अर्धी वाट मागं पडली होती. नवरात्रात आमच्या वाडीतल्या बायका देवीला अनवाणी चालत जातात. बाकीच्या पुढं गाणी म्हणत चालल्या होत्या, आम्ही दोघी मागं. म्हणजे मागं मीच होते. दैवशाला कधी माझ्या पुढं जायची, कधी थांबून मागं बघायची, कधी रस्त्याच्या कडेला जाऊन फोन उंच धरायची.

"अक्का, तुमच्या फोनला रेंज आहे का बघा ना."

"आत्ताच बघितलं की."

"परत बघा."

मी परत बघितलं. एक दांडी होती, तीही येत-जात होती.

"पिशवी दे थोडा वेळ माझ्याकडं."

"नको. मीच धरते."

त्या पिशवीत वर ओटीचं सामान होतं, खण, नारळ, तांदूळ. खाली पाण्याच्या दोन बाटल्या आणि पाणी तपासायची पेटी. पाऊल पडेल तशा बाटल्या एकमेकींवर आपटायच्या आणि तो आवाज झाला की ती पिशवी पोटाशी धरायची.

पुढून वंदनानं मागं वळून हाक मारली. वंदना आमच्या बचत गटातली, आणि तिच्या तोंडाला कधी सुट्टी नसते.

"डॉक्टरीणबाई, आज देवीची नाडी बघायला निघाल्या का?"

सगळ्या हसल्या. एरवी दैवशालानं तिथल्या तिथं परत केलं असतं, तुझ्या जिभेची तपासणी राह्यली म्हणून. त्या दिवशी ती हसलीसुद्धा नाही. मला हळूच म्हणाली, "थोड्या येळानं ह्याच बाया माझं तोंड बघणार न्हाईत."

जालन्याहून मोनाचा, तिच्या ओळखीच्या रसायनशास्त्र शिकलेल्या पोरीचा, फोन यायचा होता. वाडीच्या ज्या बोअरला दैवशालानं सगळ्यांसमोर चांगलं म्हटलं होतं, ते पाणी प्रयोगशाळेत गेलं होतं. उत्तर वाईट आलं तर देवळात सगळ्यांपुढं उभं राहून तिला सांगावं लागणार होतं की वर्ष-दीड वर्ष आपण हे पाणी पीत आलो ते माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द खोटा होता.

दैवशाला मूळची परतूरची. वडील मोंढ्यात कापसाच्या गाड्या उतरवायचे. दहावी झाल्यावर ती रामनिवासशेठच्या मॅचिंग सेंटरात कामाला लागली. साडीला ब्लाउजपीस, अस्तर, फॉल जुळवून देण्याचं दुकान. शेठचं घराणं मूळ राजस्थानचं, पण त्यांच्या आजोबांपासून सगळे परतूरचेच झालेले. त्या दुकानात दैवशालाची नजर तयार झाली. डाळिंबी कुठं संपतो आणि मरून कुठं सुरू होतो हे ती कापड हातात न घेता सांगायची. गिऱ्हाईक बाई ट्यूबच्या उजेडात तुकडा पसंत करायला लागली की ही तिला हाताला धरून बाहेर ओट्यावर आणायची.

"मावशी, ट्यूबखाली रंग खोटं बोलतो. उन्हात बघा, मंग पैसे द्या."

शेठच्या घरच्या प्रेमबाई म्हणायच्या, ह्या पोरीच्या डोळ्यात सोनाराचा काटा बसवलाय.

त्या दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा होता. शेठची नात मोना तेव्हा लहान होती. दुकानात आली की ती गल्ल्यापाशी बसून त्या दिव्याखाली काय काय धरून बघायची, नोट, स्वतःची नखं, दात. दैवशाला तिला पांढऱ्या कापडाच्या चिंध्या द्यायची. दोन्ही चिंध्या डोळ्याला सारख्याच पांढऱ्या, पण दिव्याखाली एक निळी पेटायची आणि दुसरी काळीच राहायची. असं का, ते दोघींनाही माहीत नव्हतं. दैवशालाचं लग्न झालं आणि ती आमच्या वाडीला आली. मोना मात्र त्या 'का'च्या मागं लागली आणि रसायनशास्त्र शिकायला गेली.

दैवशालाचे मालक कल्याणराव जालन्यात एका बियाणं कंपनीत आहेत, सुट्टीला घरी येतात. त्यामुळं घरात दोघीच, ती आणि सासू नंदाबाई. सून सासूला आत्याबाई म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. नंदाबाईंचं सोवळं फार कडक, पण मनानं मऊ. सुनेला पाणी तपासायच्या प्रशिक्षणाला भोकरदनला जायचं होतं तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली. नंदाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. पाणी बघणं बाईचंच काम आहे. आजवर डोळ्यानं बघत होतो, आता औषधानं बघू."

तिथून दैवशाला ती पेटी घेऊन आली. पेटीत बऱ्याच तपासण्या होत्या, पण तिनं आम्हा बायकांना एक पक्की शिकवली, फ्लोराइडची. आमच्या भागात जमिनीत खोल गेलं की हे पाण्यात उतरतं. चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. लेकरांचे दात तपकिरी येतात, पुढं हाडं वाकतात आणि सांधे आखडतात. नळीत पाणी घ्यायचं, त्यात लाल औषधाचे थेंब टाकायचे. रंग लाल राहिला तर पाणी चांगलं, पिवळा पडला तर पिण्याचं नाही. बायकांच्या लक्षात राहावं म्हणून ती म्हणायची, "कुंकू टिकलं तर प्या. हळद झाली तर भांडी घासा."

वाडीत हे इतकं रुळलं की लेकरंसुद्धा म्हणायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात वाडीत बोअर घ्यायचे ठरले. आधीचे कोरडे गेले आणि शेवटचा देवीच्या ओट्याशेजारी घेतला, त्याला पाणी लागलं. लोकांनी गुलाल उधळला. त्याआधी आम्ही पाणी आणायचो नाल्यापलीकडच्या आडावरून, चढ चढून, डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी. त्या पाण्याला खारट चव, डाळ शिजत नाही. आता पाणी दारात आलं, आणि गोड आलं. सगळे त्याला रेणुकाईचं पाणी म्हणायला लागले.

आमच्यात नव्या पाण्याची पहिली कळशी देवीची. देवीच्या आधी त्या पाण्याला कोणी तोंड लावत नाही, हातसुद्धा धुत नाही. दैवशाला नळी घेऊन उभी होती, पण तिनंही पाणी घेतलं नाही. देवीच्या आधी घेतलं तर ते उष्टंच की. पहिली कळशी भरायचा मान नंदाबाईंचा. नव्या बोअरचं पाणी, गढूळ आलेलं. देवीवर गढूळ कसं घालायचं म्हणून नंदाबाईंनी आपल्या सवयीनं त्यात तुरटी फिरवली, ओल्या फडक्यानं झाकून ठेवलं, गाळ बसू दिला, वरचं गाळून घेतलं. देवीला स्नान घातलं. कळशीत उरलेलं मग दैवशालानं नळीत घेतलं. प्रशिक्षणातही सांगितलेलं की पाणी नितळ घ्या. हे तर अगदी नितळ होतं.

थेंब टाकले. तिनं नळी उन्हात उंच धरली. लाल. लख्ख कुंकवासारखी लाल.

मी तिथंच होते. बायकांनी हात जोडले. मीही जोडले. देवीनं दिलं ते चांगलंच दिलं, असं मला वाटलं आणि मी घरी जाऊन निवद केला.

पावसाळ्यानंतर तिनं पुन्हा तपासलं. बोअर शेजारीच होता, पण पाणी घरातल्या हंड्यातलं घेतलं. पाणी तेच ना. पुन्हा लाल.

यंदा पितृपक्षात मोना आली. ती आता संशोधन करते. तिनं कागदाच्या पट्ट्या बनवल्यात. पाण्यात बुडवायच्या, अंधारात न्यायच्या आणि निळ्या दिव्याखाली धरायच्या. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर पट्टी हिरवी पेटते, नसेल तर काळी राहते.

"काकू, मला चांगलं पाणी पाहिजे. वाईट पाणी मला बरंच मिळालं. खात्रीचं चांगलं असलं की पट्टी काळी राहते का ते बघता येतं. तुमच्या बोअरचं द्या."

दैवशाला खुशीत स्वतः बोअरवर जाऊन हापसून आली. दोघींनी स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकीला चादर लावली. मीही आत होते. मोनानं पट्टी बुडवली आणि हातातला छोटा दिवा लावला.

पट्टी हिरवी पेटली. काजव्यासारखी.

मग दैवशाला म्हणाली, "तुझी पट्टी कच्ची आहे."

"कच्चीच आहे काकू. म्हणून तर तुमच्याकडं आले. तुमचं पक्कं आहे ना?"

त्या वाक्यात टोमणा नव्हता, पण दैवशालाला तो लागला. ती पेटी घेऊन अंगणात आली, बोअरचं तेच पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. रंग बघता बघता उतरला आणि पिवळा झाला. तिनं नळी उन्हात धरली, सावलीत धरली, पांढऱ्या फडक्यावर धरली. हळदच. आत जाऊन हंड्यातलं घेतलं. लाल.

मोना बाटली घेऊन जालन्याला प्रयोगशाळेत द्यायला गेली. आणि दैवशालाचं बसणं-उठणं बिघडलं. भाजी निवडता निवडता उठायची, नळी घ्यायची. या घरचं पाणी, त्या घरचं पाणी. कुठं लाल, कुठं पिवळं, कुठं दोन्हीच्या मधलं. "बिलकुल ताळमेळ लागत न्हाई अक्का," म्हणायची. "एका बोअरचं पाणी घराघरात जात का बदलतं?"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी तिच्या अंगणात तांदूळ निवडत होते. नंदाबाईंनी नुकतीच घागर आणली आणि बोलता बोलता तुरटीचा खडा घेऊन त्यात हात फिरवायला लागल्या. दैवशाला बघत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाई, उद्याची घागर मी आणते. तिच्यात तुम्ही तुरटी फिरवू नका." दुसऱ्या दिवशी तिनं घागर आणली, आधी एक नळी भरून घेतली, मग स्वतः तुरटी फिरवली, आणि दुसरी नळी भरली. पहिली पिवळी. दुसरी लाल.

ती दोन्ही नळ्या हातात धरून उंबऱ्यावर बसली. "एकाच घागरीचं आहे अक्का."

मोनाला फोन लावला. मोनानं सांगितलं की तुरटीत एक धातू असतो, तो फ्लोराइडला धरून बसतो, मग ते रंगापर्यंत पोचतच नाही. माझ्या मनात आलं ते मी विचारलं, मग सगळ्यांनी तुरटी फिरवली तर पाणी सुधारेल का? मोना म्हणाली, "नाही मावशी. त्याला माप असतं, चुना लागतो, सगळं बराबर करावं लागतं. हात फिरवून पाणी सुधारत नाही. त्यातलं वाईट फक्त लपतं. पोटात गेलं की सुटतं."

त्या दिवसापासून आम्ही दोघी पुन्हा आडावर जायला लागलो. नंदाबाईंनाही तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. माझी लेक राजनंदिनी दुसरीत आहे, तिचे पुढचे दात नुकते आलेत, पांढरे आहेत. मी म्हटलं, देवीची कृपा, काही झालं नाही. दैवशाला म्हणाली, "आलेल्या दातांचं न्हाई अक्का. हिरडीत जे तयार होऊन राह्यलेत त्यांचं." त्यानंतर राजनंदिनी हसली की मी तिच्या तोंडाकडं बघते. पोर आता हसताना हात लावायला लागली.

आडाच्या चढावर वंदना भेटली होती. "दारात गंगा असून ह्या दोघी आडावर? काय नवस केलाय का?" दैवशाला न थांबता पुढं गेली. चार पावलं गेल्यावर मी म्हटलं, "अगं सांगून टाक ना. रोज सगळी लेकरं पिऊन राह्यलीत."

"प्रयोगशाळेचा फोन येऊ द्या."

"तुला माहिती आहे काय येणार ते."

"माहिती आहे," ती म्हणाली. "तरी येऊ द्या."

तिला कुठंतरी आशा होती, हे मला तेव्हा कळलं. मोठ्या यंत्रावाले म्हणतील की बाई, तुमचंच पहिलं बरोबर होतं. रात्री झोप नाही, दिवसा हाताला चैन नाही, आणि तिकडं नंदाबाई नवरात्रासाठी तांब्याची कळशी चिंचेनं घासत होत्या. यंदा त्यांनी ठरवलं होतं, आपल्या बोअरचं पाणी थेट पिंपळगावला न्यायचं आणि मोठ्या देवीला घालायचं.

आता नाल्यापासून बरंच पुढं आलो होतो. बोरीच्या झाडापाशी पिकअप आम्हाला ओलांडून गेली. तीत चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायका आणि लेकरं होती. नंदाबाई पुढच्या सीटवर, मांडीवर कळशी, कळशीवर नारळ. मागं राजनंदिनी हात हलवत होती. नंदाबाईंनी गाडी हळू करायला लावली.

"ए दैवशाला, पाय उचल की जरा. बाटल्यांचं ओझं घेऊन देवीला कशाला चालली? मी आणलंय ना पाणी."

"या तुम्ही पुढं, आत्याबाई. आलेच."

गाडी गेली. धुरळा खाली बसतोय तोवर माझा फोन वाजला. मोनाचाच होता, तिला दैवशालाचा लागेना म्हणून माझ्यावर केला होता. मी फोन तिच्यापुढं केला.

दैवशाला ऐकत होती. "बरं," म्हणाली. मग "किती जास्त?" मग "न्हाई गं बाई, तू कशाला वाईट वाटून घेती. तुझी पट्टी पक्की निघाली." आणि फोन माझ्या हातात देऊन जल्दी जल्दी चालायला लागली. इतका वेळ पुढं-मागं करणारी बाई आता सरळ चालत होती, आणि मला तिला गाठता येईना.

मी धापा टाकत म्हटलं, "ऐक तर. तुरटीचं नाव कशाला काढती? नुसतं सांग, पाणी खराब निघालं. प्रयोगशाळेतून आलं. झालं."

"मंग वंदना घरी जाऊन म्हणंल, माझ्या हंड्यातलं तपास. तिच्या हंड्यात तुरटी. ते लाल दाखवंल. आणि सगळ्या परत बोअरवर."

"मंग म्हण, पहिल्यांदा औषध खराब होतं."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं. "देवीच्या दारात चालले मी, अक्का."

मला लाज वाटली. मी मनात रेणुकामातेचं नाव घेतलं आणि तिच्या मागं चालायला लागले.

देवळात गर्दी होती. आम्ही ओट्या भरल्या. दैवशालानं खण-नारळ ठेवला, डोकं टेकलं, आणि जरा जास्तच वेळ टेकून राहिली. बाहेर आलो तर कडुनिंबाच्या पारावर आमच्या वाडीच्या बायका फराळाला बसत होत्या. वाडीत सगळ्या अशा एका जागी कधी सापडत नाहीत. कोणी रानात, कोणी चुलीपाशी. इथं सगळ्या होत्या.

नंदाबाई पायरीवर बसल्या होत्या. देवीला घालून उरलेलं पाणी कळशीत होतं, ते त्या येईल तिच्या हातावर तीर्थ म्हणून पळीनं घालत होत्या. प्रत्येकीला सांगत होत्या, "आपल्या बोअरचं आहे गं. पहिली कळशी माझ्या हातची होती." त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. राजनंदिनीनं हात पुढं केला. मी एक पाऊल पुढं गेले. दैवशालानं माझं कोपर धरलं.

"राहू द्या. घोटभरानं काही होत न्हाई. आणि ते तीर्थ आहे."

पोरीनं तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि पळाली.

दैवशालानं पाराजवळ जाऊन पिशवी खाली ठेवली. पेटी काढली, दोन नळ्या काढल्या, दोन्ही बाटल्यांची झाकणं ढिली केली. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत तेच पाणी, तुरटी फिरवलेलं. थेंब टाकायची बाटली तिनं नीट सरळ धरली होती. पारावर ऊन कुठं पडतंय ते बघून ती तिथं सरकून उभी राहिली. वंदनानं बघितलं आणि म्हणाली, "आता खरंच देवीला तपासणार वाटतं ही." हसू फुटलं, आणि मग हळूहळू थांबलं, कारण दैवशालाचं तोंड सगळ्यांना दिसलं.

नंदाबाईंनी पायरीवरून विचारलं, "काय गं, काय झालं?"

दैवशालानं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं वाकून, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाली,

"अक्का, तुम्ही आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसा. तुरटीचं नाव घेतलं की त्या उठतील. त्यांचा हात धरून ठेवा. चूक माझी होती, त्यांची न्हाई, हे मी सगळ्यात शेवटी सांगणार आहे. तेवढं ऐकल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका."